ओळख देत नाही

लावली की निळा दिवा लागतो,
आत काहीतरी फिरतं, दोनदा टक् करतं,
पण लॅपटॉप ओळख देत नाही.

केबल बदलली. भोक बदललं.
शेजारचं पोर म्हणालं, बंद करून चालू करा,
तेही केलं, तीनदा.
जाऊबाई म्हणाल्या, मीठमोहरी उतरवून टाक तिच्यावरून.
हसत म्हणाल्या,
पण मी मीठ आणलं होतं मुठीत.

बाराशे डिझाइनं तिच्या पोटात.
कोयऱ्या, पाठीवरचे हत्ती,
दिवागावच्या नवरीचं नाव, बाहीवर जरीत,
हळद येत्या मंगळवारी.
आणि भरतकामाचं मशीन तोंड उघडून उभं,
बारा सुया, बारा रंगांचे दोरे, काम शून्य.

वाशीला एकाने अठरा हजार सांगितले,
वर म्हणाला, निघेलच असं नाही.
मग घणसोलीहून कोपरखैरणे.
रिक्षाने पन्नास रुपयांचं अंतर,
अकरा वर्षांत गेले नव्हते.

कमळाकर माझा पाठचा भाऊ.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला तेव्हा
हक्कसोडीच्या कागदावर मी सही केली नाही.
तेवढंच.
त्यानंतर गावदेवीच्या जत्रेत समोरून आला
तर माझ्या खांद्यावरून मागचे फुगे बघायचा.

दुकानात पंखा, डाखाचा वास,
उघडी पडलेली तीन-चार यंत्रं.
मान वर न करता म्हणाला, "काय झाला हिला?"
मी म्हणाले, "दिसत नाही."
त्याने आपल्या कॉम्प्युटरला लावली.
टिंग.
लगेच.
"माझ्याकडं दिसते," तो म्हणाला,
आणि आम्ही दोघंही पडद्याकडेच बघत राहिलो.

मग माझा लॅपटॉप.
खिडकीमागून खिडकी उघडत
कुठल्याशा तळाच्या यादीत उतरला.
तिथे होती ती. निळ्या पट्टीखाली,
जागा एक टीबी, तब्येत ठणठणीत,
फक्त पुढे अक्षर नाही.
"एफ तुझ्या मशीनच्या नावावर लागलाय.
हिलापन एफच पायजे.
एका अक्षरावर दोघी,
मंग एक असून नसल्यासारखी."
पुढे बोलला नाही.
मला सातबाराचा उतारा आठवला.
त्यालाही आठवला असावा,
माउसचा बाण उगाच एक चक्कर मारून आला.

यादी उघडली. जी मोकळं होतं, एच मोकळं होतं.
त्याने के दिलं.
मला विचारलं नाही.

फाइली उघडतायत का ते बघावंच लागतं,
तो बघत होता.
मोर आले. हत्ती आले.
मग मापांची वही, मी टाइप करून ठेवलेली.
आई. छाती चौतीस, बाही दहा, गळा मागून बंद.
खाली, पुढच्या वर्षी, छाती एकतीस.
त्याखाली काही नाही.

ती फाइल त्याने बंद केली नाही.
पोऱ्या चहा घेऊन आला, उभा राहिला,
तसाच परत गेला.

"दोनशे."
दिले. घेतले. मोजलेसुद्धा.
बिलावर नाव काय लिहू, पोऱ्याने विचारलं.
"लिव, द्वारका."
"पुढं?"
"तेवढाच."

डिस्क ओढायला गेले तर त्याचा हात मध्ये आला.
"अशी खेचू नको.
पयले सांगाचा, मंग काढाचा."

मी माउस धरला.
खालच्या कोपऱ्यातलं ते बारीक चिन्ह
मला सापडेना.
त्याने दाखवलं नाही.
थांबला.