भांगाच्या दिवशी ये

शाल्मली, तू विचारलंस
पोहायला कुठला किनारा बरा, आणि कुठला महिना.
अकोल्यात बसून हे सोपं वाटतं,
लग्नाच्या हॉलची चौकशी करावी तसं.

मी एकतीस वर्षं मार्वेच्या धक्क्यावर
मनोरीच्या तरीची तिकिटं फाडली.
रोज कुणीतरी हेच विचारायचं,
टॉवेल खांद्यावर, गॉगल कपाळावर,
आणि मी अंगठ्याला थुंकी लावत सांगायचे,
इथे नको, तिथे नको.
मग कुठे, ते मलाही ठाऊक नव्हतं.

तर ऐक.
जुहू संध्याकाळी लांबून बघायला.
श्रावणात तिथे निळे फुगे लागतात वाळूला, बोटभर,
शेपूट मात्र हातभर. पोरं हौसेने उचलतात आणि बोंबलतात.
गिरगावात पोहण्याचा मान गणपतीचा.
वर्सोव्याला खाडीचं तोंड,
तिथली ओहोटी बोलत नाही, सरळ हात धरून नेते.
आक्सा सगळ्यांत देखणा.
त्याचा तळ भाडेकरूसारखा,
काल होता तिथे आज नसतो.
तिथल्या पाटीवर काय लिहिलंय ते तुझ्या आईला सांगू नकोस.

आणि महिने.
जूनपासून चार महिने नाव काढायचं नाही,
तेव्हा समुद्र स्वतःच पोहत असतो.
नारळ वाहिला की होड्या जातात, आपण नाही.
ऑक्टोबरात पाणी चहासारखं, रंगानेही आणि उबेनेही.
मे महिन्यात पाण्यात पाणी कमी, माणसं जास्त.
राहिला पौष.

बघ, किती ठणकावून सांगतेय.
खरं म्हणजे निवृत्त झाले त्या दिवसापर्यंत
गुडघ्याच्या वरचा समुद्र मला माहीत नव्हता.
साडी भिजते, एवढं कारण
एकतीस वर्षं पुरलं.

मग एरंगळची रेजिना भेटली,
वलांडीवर बोंबील वाळत घालणारी,
माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
म्हणाली, बाय, महिना काय बघतेस, तिथ बघ.
अवस-पुनवेला उधाण. अष्टमी-नवमीला भांग.
भांगाचं पाणी म्हणजे दुपारचं म्हातारं कुत्रं,
अंगावर हात टाक, काय करत नाय.

तिच्या गावची जत्रा होऊन गेली होती.
वाळूत अजून पत्रावळी, फुटका फुगा, एक लहान चप्पल.
मी लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता
आणि दहा वेळा मागे वळून पाहिलं,
कुणी बघतंय का. एक बकरी बघत होती.
रेजिनाने पाठीखाली तळवा धरला.
मान सोड, म्हणाली. आणखी सोड.
ही मान तुजी नाय आता, पाण्याची हाय.
कान बुडाले
आणि एकतीस वर्षांची सुट्ट्या पैशांची खुळखुळ
एकदम थांबली.
वर एक घार होती. तिलाही कामावर जायचं नसावं.
रेजिनाने हात कधी काढून घेतला,
ते मी अजून तिला विचारलेलं नाही.

तुम्ही अंदमानला निघाला होतात, आई सांगत होती.
बेटच हवं म्हणे.
अगं, आम्ही राहतो ते काय आहे?
तीन बाजूंनी खाडी, चौथीला अरबी समुद्र,
आणि पत्त्यावर लिहितो, मालाड पश्चिम.

तेव्हा ये. विमानाच्या तिकिटाआधी
भिंतीवरचं कालनिर्णय बघ.
काय घालू, हे विचारू नकोस, बकरी काही बोलत नाही.
रात्री लवकर झोपायचं, पहिली बस पकडायची.
नवमीला सकाळी सातच्या सुमारास
पाणी पूर्ण भरतं
आणि परत फिरण्याआधी थोडं उभं राहतं,
आत कशाला आलो ते विसरल्यासारखं.

तेवढाच वेळ आपला.