भाग दोनशे चौदा

नातवानं सकाळीच सांगून ठेवलं होतं,
आज रात्री नऊला आजोबांची केस लागणार.
सत्य घटनेवर आधारित, नावं तेवढी बदललेली.
मी कुकर लवकर लावला.
ह्यांनी चष्मा पुसला, बनियनवर शर्ट चढवला,
जणू कुणी घरी येणार होतं.

टीव्हीतला इन्स्पेक्टर उंच. रात्रीसुद्धा काळा चष्मा.
जीपमधून आधी त्याचा बूट उतरतो, मग तो,
मग वाऱ्यावर पिवळी धूळ.
"हळकुंडं अशी उडत्यात व्हय? गुलाल हाय का त्यो?"
नदीही आमची नव्हे.
हरिपूरला कृष्णा एवढी घाईत नसते.

पेव मात्र बरं केलं होतं,
तोंडाशी अरुंद, आत पोट सुटलेलं,
रांजण जमिनीत पुरावा तसं.
तळाशी मुनीम पालथा.
खऱ्याचं नाव नेमगोंडा.
पेन्सिल कानामागे होती ती तशीच राहिली होती,
एवढं एकच ह्यांनी मला तेव्हा सांगितलं,
तिसऱ्यांदा अंघोळ करताना.

इन्स्पेक्टर दोर धरून खाली उतरला. हातात बॅटरी.
आत फिरला, वाकला,
बोटाला हळद लावून चाखली
आणि म्हणाला, खून आहे.

हे खुर्चीत पुढं सरकले.
"कंदील कुठाय?"
आजोबा, गप बसा ना.
"आरं, आधी कंदील सोडायचा.
इझला तर माणूस सोडायचा न्हाय.
पेवात हवा मरती. कंदिलाला कळतं ते.
बॅटरीला काय कळतंय?
ती इषातबी जळती."

जाहिरात लागली. गोरं करणाऱ्या क्रीमची,
त्यातही हळद.

जाहिरातीनंतर हमाल सापडला.
लाल डोळे, वाईट हसणं,
पहिल्यांदा दिसला तेव्हाच कळावा असा.
एक कानफटात. फटाक्यासारखा आवाज.
आणि तो घडाघडा बोलायला लागला:
उधारी, अपमान, रात्रीचा दोर.
नातवानं टाळी वाजवली.
मी ह्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं.
तो मांडीखाली गेला होता.

सत्याप्पा मार्केट यार्डाच्या गेटवर भडंग विकतो.
अठरा महिन्यांनी सुटला, पुरावा नाही म्हणून.
डावा कान सुटला नाही.
गिऱ्हाईकानं उजवीकडं उभं राहून मागावं लागतं,
नवखी माणसं ओरडतात, मग तो हसतो,
ते हसणं वाईट नाही.
दर गुरुवारी मी पाव किलो घेते,
कांदा-लसूण जास्त घालून.
हे रस्त्याच्या पलीकडं खतांच्या दुकानाची पाटी वाचत थांबतात.
पाटीवर चारच शब्द आहेत.
इतकी वर्षं वाचतायत.

शेवटी इन्स्पेक्टर आमच्याकडं बघून म्हणाला,
गुन्हेगार कितीही खोल लपला तरी...
ह्यांनी टीव्ही बंद केला नाही, आवाज बंद केला.
त्याचे ओठ हलत राहिले.

"मी सोडला होता."
काय?
"कंदील. साहेब यायच्या आधी.
दोनदा सोडला. दोन्ही टायमाला इझला.
साहेबांच्या हातात बॅटरी हुती.
ती चांगली लख्ख पडत हुती."

पंचनाम्याची ती कार्बन-प्रत मी पाहिलीय,
ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली.
अक्षर ह्यांचंच, मोत्यासारखं.
दोराची लांबी आहे, पोत्यांची संख्या आहे,
चपलांचा अंगठा तुटल्याचीसुद्धा नोंद आहे.

मग खुनी कोण होता? नातवानं विचारलं.
कुणीच उत्तर दिलं नाही.
पडद्यावर नावं वर सरकत होती,
कपडे कुणाचे, जेवण कुणाचं, प्रकाश कुणाचा.

मी ताटं घ्यायला उठले.
पाठीमागून ह्यांचा आवाज आला,
ड्युटीवर रजा मागताना यायचा तसा.
"सत्याप्पा सोमवारी असतोय का गं?"

असतो, मी म्हणाले.
उजव्या अंगानं जावा.