बर्फ किती जाड आहे

हेल्वेबाईंचा फोन आला तेव्हा
तालिनमध्ये दुपारी साडेतीनलाच अंधारून आलेलं.
माझ्यासमोर तीन प्लॅनचा तक्ता, लहान, मधला, मोठा,
आणि पाठ केलेलं एक वाक्य: आपली गरज काय?

त्या म्हणाल्या, थांब, आधी मी विचारते.

एका यंत्रात किती बिऱ्हाडं ठेवता?
आभासी म्हटलं तरी मध्ये भिंत असेलच ना कुठे?
शेजाऱ्याने मध्यरात्री काही कांडायला काढलं
तर माझ्या वाटणीचं माझंच राहतं,
की तुमच्याकडेही जो ओढेल त्याची चादर?

मधल्या प्लॅनमध्ये राखीव कोर आहेत, मी म्हणालो.
"राखीव", त्यांनी लिहून घेतलं.
पेन्सिलचा आवाज आला.

बाई हिउमा बेटावरच्या.
समुद्र नीट गोठला की तिथे बर्फावरून रस्ता निघतो
थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत, मोटारी जातात.
त्या सकाळी गिरमिट घेऊन बाहेर पडतात,
भोक पाडतात, पट्टी घालतात,
आलेला आकडा साइटवर टाकतात. एवढंच.
इतकी वर्षं ती भाच्याच्या गॅरेजमधल्या
जुन्या संगणकावर चालली.
उर्मास आता फिनलंडला गेला. गॅरेज विकलं.

आणि गर्दी किती? बोट तक्त्यावर ठेवूनच मी विचारलं.

"एरवी कुत्रं फिरकत नाही.
पण रस्ता उघडायच्या सकाळी अख्खं बेट एकदम येतं,
सुईण, पाववाला, शवपेट्या करणारा आंट्ससुद्धा.
तेव्हा तुमचा सर्व्हर बसायला लागला
तर आधी करकरतो का?
बर्फ करकरतो. त्याचं मला काही वाटत नाही.
गप्प बसतो त्याला भिते मी."

मी आलेख सांगितले, इशाऱ्याचे ईमेल सांगितले.
खरं तर मला एवढंच ठाऊक होतं.

बॅकअप कुठे ठेवता? त्याच इमारतीत?
घराची दुसरी किल्ली घरातच, तसं नको.
आणि ठेवलेला कधी परत उघडून पाहिलात?
वरातीमागून घोडं मला परवडायचं नाही.
रात्री तीनला फोन कोण उचलतं, माणूस?
(मी. बहुतेक मीच.)
पहिल्या वर्षीचं भाडं दिसतंय, दुसऱ्या वर्षी किती?
रूटची किल्ली माझ्या हातात की तुमच्या?
उद्या बिऱ्हाड हलवलं तर सामान मुकाट्याने नेऊ द्याल?
आणि एखादं बिल राहिलं,
समजा मी इस्पितळात आहे,
तर पुसून टाकण्याआधी किती दिवस थांबाल?

चौदा, मी म्हणालो.
मग नियमावली उघडली. सात होते.
तेही सांगितलं.
पलीकडे बराच वेळ फक्त केटल.

तीन वर्षांचा करार घ्या, चाळीस टक्के सूट, मी म्हणालो.
गप्प राहवेना म्हणून.

बाई हसल्या. "बाळा,
गेले चार हिवाळे रस्ता उघडलाच नाही.
फेब्रुवारीत गिरमिट दोन फिरक्यांत पाण्याला लागलं.
नऊ सेंटिमीटर.
तशीच मागे आले, पाऊल न उचलता, घासत घासत."

मग सर्व्हर कशाला?
हे तक्त्यात नव्हतं. तरी विचारलं.

"बंद आहे, हे कोण सांगणार?
लोक सवयीने बघतात सकाळी.
पान उघडलं नाही तर एखाद्याला वाटेल
म्हातारी झोपली असेल,
आणि निघेल गाडी काढून."

त्यांनी सगळ्यात लहान प्लॅन घेतला, महिन्याच्या बोलीवर.
राखीव काही नाही. सूट नाही.
खात्यावर मी एक शेरा टाकला:
बिल चुकल्यास चौदा दिवस थांबावे.
तसा अधिकार मला नाही.

रात्रपाळीला काम नसलं की
मी त्यांचं पान उघडतो.
पटकन उघडतं.
आजची तारीख. धक्क्यापाशी,
सहा सेंटिमीटर.
रस्ता बंद.