निळा किती उरलाय

खानापुरात बाईंचं घर विचारलं
तर लोक उलट विचारायचे, कुठल्या बाई?
शाळेच्या की चित्रांच्या?
मी म्हणायची, माझ्या आज्जी.
मग हात वर करून सांगायचे:
कौलांच्या कारखान्यामागं जा,
दारावर मोर आहे बघ, एका पायाचा.

दुसरा पाय राहून गेला.
आधी आईचं बाळंतपण,
मग माझा गोवर,
मग सातवीचा वर्ग अंगावर पडला.
बावीस वर्षांनी कुणीतरी विचारलंच
तेव्हा म्हणाली, "असूदे की. उभा राहिलाय न्हवं?"

सुगंधा हलगेकर, सहशिक्षिका.
शाळेच्या फाटकावर कन्नडातही नाव घालायचं ठरलं
आणि रंगाऱ्याला द्यायला पैसे नव्हते.
तिला कन्नड वाचता येत नव्हतं.
तिनं अक्षरांची चित्रं काढली:
हा पालथा तवा,
हा झुबा,
ही शेपूट वळवून बसलेली खार.
शेजारची गौरव्वा कट्ट्यावरून ओरडली,
"शेपटी वर घ्या अक्कोरे,
न्हाईतर शाळेचा शालू हुतोय!"
दोघी इतक्या हसल्या
की तव्याला ओघळ आला. तो अजून आहे.
आपण रंगवलेली पाटी
आज्जीनं वाचली दोन वर्षांनी,
गौरव्वाच्या नातवाची अंकलिपी घेऊन,
एकेका अक्षरावर बोट ठेवत.

तांबडा घरचाच असायचा.
फुटक्या कौलांची पूड, जुन्या धोतरातून वस्त्रगाळ,
बाभळीच्या डिंकात कालवलेली.
काळा चिमणीच्या काचेवरचा.
निळा मात्र बेळगावचा.
पगार झाला की लाल बसनं जायची,
खडेबाजारातून परतायची
पाव किलो कुंदा घेऊन, आणि एक नळी निळा.
कुंदा दोन दिवसांत संपायचा.
नळी महिनाभर पुरवायची,
आणि चुलीपुढून हाक यायची,
"निळा किती उरलाय बघ गं."

कागद म्हणजे जुन्या उत्तरपत्रिका.
पुढं जांबोटीच्या वाटेवरचं धुकं,
मागं कुणाचा तरी विसरलेला हच्चा.

एकदाच चांगला कागद आणला, जाड, बेळगावच्या प्रदर्शनासाठी.
मलप्रभेचा घाट.
अकरा संध्याकाळी खपत होती.
बाराव्या दिवशी, मी सहा वर्षांची,
सगळा निळा घेतला
आणि नदीत म्हैस काढली.

पिठाच्या हातानं आली.
मी तांदळाच्या डब्यामागं.
किती वेळ नुसती बघत होती, कुणास ठाऊक.
मग म्हणाली,
"पाण्यात बसलीय, आणि पाठ अशी कोरडी?
ये हिकडं, ओलं कसं दाखवायचं ते सांगते."

चित्र तसंच गेलं बेळगावला.
खाली दोन सह्या. एक वळणदार,
एकीतला र उलटा.
बक्षीस नाही मिळालं.
एका गृहस्थांनी विचारलं, म्हैस निळी कशी?
आज्जी म्हणाली, "ती नातीची आहे, तिलाच विचारा."
आणि त्यांनी खरंच
वाकून मला विचारलं.
मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.

म्हातारपणी मोतीबिंदू पिकला,
तिला सगळं हळदीतून दिसायला लागलं.
ऑपरेशन झालं, पट्टी निघाली,
खिडकीशी उभी राहून बोलेचना.
आम्ही घाबरलो.
"अगं," म्हणाली, "एवढा निळा असतो?
मग मी आठ वर्षं काय रंगवत बसले?"
आणि चिडलीच. डॉक्टरांवर, आमच्यावर.
कपाटातली चित्रं काढून पुन्हा रंगवायला बसली.
चार झाली. पाचव्यात आभाळ अर्धं.

बाराव्याला चिक्कोडीचा एक कंडक्टर आला.
म्हणाला, मला भागाकार जमत नव्हता,
बाईंनी भाकरी मोडून दाखवला,
आणि बाकी उरली ती मला खायला दिली.
एवढं बोलून तो जेवायला न थांबता निघाला,
त्याची गाडी स्टँडवर उभी होती.

आज ट्रंक उघडली.
नळी तळापासून गुंडाळत आणलेली,
शेपटाला कपड्यांचा चिमटा.
टोपण चिकटून बसलेलं.
दातांत धरून फिरवलं.

जिभेला लागला. कडवट.
आहे अजून थोडा.