पट्टी

आमच्या तक्त्यावर ती चौतीस वर्षांची होती.
नाव आम्हीच ठेवलेलं, चेहरा विकत आणलेला,
आवडी: कॉफी, सायकल, नवं शिकायची हौस.
वर्षभर भिंतीवरून हसत राहिली.
तिच्यासाठी मी औषधाचा पंप आखला
दुपारच्या जेवणानंतर, मोठ्या खिडकीच्या उजेडात:
हिरवं बटण, सुरू. शेजारी लाल, थांबवा.
शेजारी, कारण जोडी शोभून दिसत होती.

मग तार्तूच्या इस्पितळात तीन रात्री
मला एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली
आणि ताकीद, की मध्ये मध्ये येऊ नये.
बाहेर नदी गोठत आलेली.
काचांना आतून घाम.

मारिका एकावन्नची.
बहिणीने विणलेले लोकरी मोजे
रबरी सपातांत कोंबलेले.
बारा खाटा, बारा पंप, आणि तिची जोडीदारीण
त्या आठवड्यात तापाने घरी.
हातमोजे ओले, म्हणून बोटाने ती काही दाबायचीच नाही;
पेनाच्या बुडाने दाबायची.
पेन कानामागून खाली, टक्,
पुन्हा कानामागे.
आणि डोळे?
डोळे माणसाच्या छातीवर, वर-खाली होते का ते बघत.
पडद्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही,
ज्याच्या निळ्या छटेवरून
आम्ही सहा आठवडे भांडलो होतो.

लाल बटणावर चिकटपट्टी होती.
जखमेवर लावतात तीच, पांढरी, कडा मळलेल्या.
वर बॉलपेनने दोन शब्द:
आत्ता नको.

मी म्हटलं, पण फॉर्मवर तुम्ही
पाचपैकी पाच दिलेत.
ती म्हणाली, तुम्ही टॅलिनहून आलात ना. बर्फातून.
एवढंच.
आमटी खारट झाली असं
यजमानाला तोंडावर कोण सांगतं.

पट्टी कोण लावतं?
लावली जाते.
कधी बदलता?
शुक्रवारी बदलली जाते.
अशा वाक्यांत कर्ता नसतो,
म्हणून त्याच्यावर ठपकाही येत नाही.

तिसऱ्या रात्री, तीन वाजून दहा मिनिटांनी,
सातव्या खाटेपाशी
पेनाचं बूड लालवर आलं,
पट्टीला टेकलं,
थबकलं,
बोटभर डावीकडे सरकलं.
टक्. हिरवं.
तिला कळलंसुद्धा नाही. ती तेव्हा
म्हाताऱ्याची उशी सारखी करत होती दुसऱ्या हाताने.
माझ्या मात्र पोटात खड्डा पडला.

वहीत रकाना छापलेला होता: वापरणाऱ्याची चूक.
त्यात काय लिहावं सुचेना.
वेळ लिहिली.

*

नव्या पंपावर लाल बटण कडेला गेलं,
झडपेखाली, दोन बोटांनी उचलल्याशिवाय न सापडणारं.
आम्ही केक कापला.
भिंतीवरची बाई कोणीतरी गुंडाळून कपाटावर ठेवली.

दीड वर्षाने पुन्हा गेलो.
मारिका बहिणीकडे राहायला गेलेली, गावाकडे,
कोंबड्या पाळते म्हणे.
तिच्या जागी लीस्बेत, तेवीसची,
जुना पंप तिने डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आणि पट्टी होती.
जुन्याच जागी, हिरव्याच्या उजवीकडे,
गुळगुळीत प्लास्टिकवर.
खाली बटण नाही, काही नाही.
अक्षर निराळं, शब्द तेच.

हे कशाला, मी विचारलं.
लावायची असते, ती म्हणाली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं दारात चपला न काढणाऱ्याकडे पाहतात.

आम्ही म्हणतो, अंगवळणी पडतं.
पण कुठल्या अंगाच्या?
मारिकाचं अंग तर कोंबड्यांना दाणे टाकत होतं.

लीस्बेत पुढच्या खाटेकडे वळली.
मी नखाने पट्टीचा कोपरा उचलायला गेलो,
सहज, खाली खरंच काही नाही ना ते बघायला.
बोट पट्टीला टेकलं.
थबकलं.
शुक्रवार होता. पट्टी कोरीकरकरीत होती.