काही नाही, म्हणजे चांगलं

सावरगावच्या ओढ्याकाठी, पत्र्याच्या शेडात
दुधाच्या जुन्या कॅनला तांब्याची नळी जोडून
मी वीस किलो ओवा शिजवला.
चार तास वाफ निघत राहिली
आणि शेवटी बरणीत, पाण्यावर तरंगत,
फिक्या काकवीच्या रंगाचं तेल.
अर्धा लिटर. एवढंसंच.

शेजारचे बाबळसुरे आप्पा कुंपणावरून म्हणाले,
पोटदुखीचं औषध वेलीला पाजणार म्हणायचं.
म्हटलं, वेलीलाही पोट असतं, आप्पा,
छाटणीला पस्तीस दिवस झालेत, पोटुशी आहे ती.
बोलून तर गेले,
पण रात्रभर पत्र्यावर दव टपकत होतं
आणि प्रत्येक थेंबाला मला भुरी दिसत होती.

तेल पाण्यात मिसळत नाही.
शाळेत हा दोन मार्कांचा प्रश्न होता.
आता दोनशे लिटरच्या टाकीत
तेल वर, पाणी खाली,
सोयरीक मोडलेल्या दोन घरांसारखी.
मग रिठे भिजवले, कुस्करले, रवीनं घुसळले,
टाकीतलं पाणी ताकासारखं झालं
तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं त्यांचं.

पहिल्या ओळीला लिटरमागं तीन मिली.
दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा
तव्यावर विसरलेल्या पापडासारख्या.
दोन मिली : ठिपके.
एक मिली :
वहीत लिहिलं, काही नाही, म्हणजे चांगलं.

फवारायला रुकमोद्दीन मामू.
बावीस वर्षं लोकांच्या बागांतून
पाठीवर पंप घेऊन हिंडलेला माणूस,
गंधक, मोरचूद,
आणि ज्यांची नावं वाचता येत नाहीत अशा बाटल्या.
त्यांचं नाक गेलंय.
कधी गेलं, त्यांनाही नक्की सांगता येत नाही.
"एका दिवाळीला शेजारी चिवडा तळायलेत
अन् मला काहीच येईना, तवा कळालं."

मामूंनी नोझल उघडलं.
धुकं पानांवर बसलं, पानांखाली गेलं,
आणि मी एकदम शोभाआक्काच्या खोलीत होते :
बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा अन् बाळंतशेपा,
दाराला घोंगडं, घामेजलेला अंधार,
आणि तेलानं टाळू भरलेलं एक इवलं डोकं.

मामू डोळे पुसत वळले.
"ताई, डोळ्याला कळालं. नाकाला नाही.
कसा हाय वास?"

"तुमची शमीम झाली तेव्हा घरात होता, तसा."

पंप थांबला.
मामू बराच वेळ तारेला धरून उभे.
मग म्हणाले, "ऊन व्हायच्या आत
ही ओळ संपवतो."

चार ओळींत भुरी थांबली.
पिठासारखे डाग होते तिथंच वाळून गेले,
मणी हिरवेगार, बोटांना कोरडे.
पण डिसेंबरात तीन दिवस आभाळ दाटून राहिलं, भुरभुर झाली,
आणि उताराच्या सखल कोपऱ्यात
पानाखाली केवड्याची पांढरी लव.
तिथं ओव्यानं हात टेकले.
तिथं मी मोरचूद अन् चुनाच मारला.
हेही वहीत आहे, त्याच शाईनं.

परवा हमीदाबी बांधावर आली, उभ्या उभ्या.
"इतकी वर्सं यांचा शर्ट मी भायेर बाभळीवर टांगायचे.
शेळी त्या झाडाखाली बसत नव्हती.
काल यांनी घरात खुंटीला लावला,
अन् शमीमचं पोरगं
त्यात तोंड खुपसून झोपलं.
मी यांना सांगितलं तर म्हणतात, खरं?
चारदा विचारलं, खरं?"

मग पदर सावरत,
"ते तेल हाय का अजून?"

मी बरणी उचलून उजेडात धरली.
तळाशी बोटभर.
जानेवारी अख्खा बाकी होता.