गुरुवारी, दोन वाजून बारा मिनिटांनी

सर्व्हर म्हणजे फार काही नाही.
मासळीच्या कारखान्यामागं, बर्फाच्या गोदामाला लागून
एक बिनखिडकीची खोली,
आत दोन काळ्या पेट्या आणि एक पंखा,
जो क्लाक्सविकच्या वाऱ्यापुढं अगदीच पोरकट वाटतो.

पण कुठल्या बोटीनं किती कॉड उतरवला,
कुणाच्या वाट्याला किती क्रोनर आले,
सगळं त्या पेटीत.
ती धापा टाकू लागली की धक्क्यावरचा वजनकाटा थिजतो
आणि ओले हातमोजे घातलेली माणसं
माझ्याकडं बघतात.

नजर ठेव, असं सांगून साहेब बंदरावर निघून गेले.
नजर म्हणजे काय, हे आधी आकड्यांत सांगावं लागतं:
दर किती सेकंदांनी नाडी बघायची,
किती टक्क्यांवर घाबरायचं,
आणि घाबरण्याआधी किती वेळ दम धरायचा.
मी लिहिलं सत्तर, आणि लगेच.
रात्रभर फोन किणकिणत राहिला.
प्रोसेसर उसळायचा, बसायचा,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा.
तिसऱ्या रात्री मी फोन उशीखाली दाबला.
चौथ्या रात्री खरोखरच काही अडलं असतं
तर लांडगा येऊन जेवून गेला असता.

मग ऐंशी केलं. सलग पाच मिनिटं.
शिवाय रांग किती लांबलीय तेही विचारायचं,
कारण नुसता चढलेला आकडा काहीच सांगत नाही,
राबणाराही तापतो आणि अडकलेलाही.

हे भरताना जुन्या यादीत एक नंबर सापडला, बिननावाचा.
शेवटचे चार आकडे पाठ होते मला.
हानुस. माझ्याआधी या खुर्चीत तो बसायचा.
तीन वर्षांपूर्वी गेला, फेब्रुवारीत,
बोगदा बर्फानं बंद होता त्या आठवड्यात.
म्हणजे इशारे हरवत नव्हते.
नीट पोचत होते, वेळेवर,
मेलेल्या माणसाच्या फोनवर.

लावून पाहिला. सुन्निवानं उचलला.
"आलं म्हणायचं कुणीतरी," ती म्हणाली.

तिच्या टेबलावर लोकरीच्या हिशेबाची वही होती.
एका बाजूनं टाके, उलट बाजूनं हे:
गुरुवार, २:१२. एक्क्याऐंशी. नऊ मिनिटं.
गुरुवार, २:१२. चौऱ्याऐंशी. अकरा.
सोमवार, काही नाही. कॉफी केली.
गुरुवार, २:१२. एक्क्याण्णव. चौदा.
गुरुवार. सत्त्याण्णव. तेवीस.
इतका सलग, इतका सरळ हिशेब
मी विकत घेतलेल्या कुठल्याच यंत्रणेनं दिला नव्हता.

"फोन बंद का नाही केलात?"
ती टाके मोजत होती, संपेपर्यंत बोलली नाही.
"त्याचा खोकला असाच वाढला. दर आठवड्याला थोडा.
तेव्हा मी लिहून ठेवलं नव्हतं."

दोन वाजून बारा मिनिटांनी निघायचा
आठवड्याचा एक अहवाल,
जो कुणीच वाचत नव्हतं.
एका बोटीची बेरीज शोधायला
तो पहिल्या माशापासून सगळे मासे चाळायचा.
एक सूची घालायची राहिली होती, एवढंच.
तेवीस मिनिटांची झाली चाळीस सेकंदं.
मी एकटाच त्या खोलीत टाळी वाजवली.

शुक्रवारी सकाळी सातला तिचा फोन.
"काल काही आलं नाही. बरं आहे ना?"

बरं होतं. पण प्रश्न रास्त होता.
शांतता म्हणजे सगळं ठीक,
की पहारेकरीच आडवा झालाय?
हे विचारायला मी विसरलो होतो.

म्हणून आता एक शेवटचा नियम आहे:
गुरुवारी, त्याच वेळी, काहीही झालेलं नसताना
एक निरोप निघतो,
"चालू आहे. अकरा टक्के."
माझ्या फोनवर, आणि यादीतल्या त्या नंबरवर,
जो काढायचा म्हणतो आणि राहतो.

परवा उत्तर आलं.
"लिहिलं. झोप आता."